मेहेरबानी नव्हे, हक्क

रोजा ही न दिसणारी इबादत आहे. नमाज पढणारा दिसतो, हजला निघालेल्याला निरोप द्यायला सारी गल्ली जमते, जकात घेणाऱ्याला देणारा ठाऊक असतो. रोजेदार मात्र गर्दीत ओळखू येत नाही. तो दुकानात माप करतो, रिक्षा चालवतो, फौंड्रीत भट्टीसमोर उभा राहतो. त्याच्या घशाला पडलेली कोरड ही तो आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट असते. कोणी पाहत नसताना घोटभर पाणी पिणे सहज शक्य असते, पण तो पीत नाही. एखाद्याला जबरदस्तीने उपाशी ठेवता येईल, पण रोजा ठेवायला लावता येणार नाही. कारण रोजाला नियत लागते आणि नियत दुसऱ्याच्या हुकमाने होत नसते.

रमजानच्या रोजांचा हुकूम कुराणाच्या सूरह बकरात आहे. त्याच हुकमात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. पुढे त्याच सूरहमध्ये धर्माच्या बाबतीत सक्तीला जागा नाही, हे तत्त्वही सांगितले आहे. रोजा आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकाच सूरहमध्ये याव्यात, यावर या महिन्यात थोडा विचार करायला हरकत नाही.

श्रद्धा मनात राहते, पण श्रद्धाळू माणूस गावात राहतो. त्याला नमाजला मशीद लागते, ईदला मैदान लागते, मेल्यावर कब्रस्तान लागते. मुलाला शाळा, राहायला भाड्याचे घर, पोटाला दुकानाचा गाळा लागतो. ही सगळी जागा त्याला समाजात मिळवावी लागते, आणि तिथे शेजारी, पालिका, पोलीस, पुढारी, कायदा या सगळ्यांशी संबंध येतो. धर्मस्वातंत्र्याचा खरा प्रश्न असा चौकात येऊन उभा राहतो. ही जागा माणसाला मिळते ती कुणाच्या मेहेरबानीने की हक्काने? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोल्हापूरइतके चांगले गाव सापडणे कठीण.

दसरा चौकातली इमारत

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची, १९०६ साली मुस्लिमांची, १९०७ साली लिंगायतांची, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. विद्यार्थी वसतिगृहांची जननी हे नाव कोल्हापूरला पडले ते यामुळे. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला की पहिला प्रश्न असे तो राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे. जातीच्या पंगती वेगळ्या असलेल्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर शोधले. प्रत्येक समाजाला जागा आणि मदत द्यायची आणि सगळ्यांच्या मुलांना एकाच शहरात शिकवायचे.

मुस्लिम समाजाच्या बाबतीत महाराज समाजाने पुढे येण्याची वाट पाहत बसले नाहीत. आधी काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय त्यांनी मराठा बोर्डिंगमध्येच करून दिली. मग १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. हिंदू राजा मुस्लिम शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, ही गोष्ट आजही ऐकणाऱ्याला क्षणभर थांबवते. दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंगची जागा आणि इमारत या प्रयत्नातून उभी राहिली. शहरातल्या काही धार्मिक स्थळांच्या मिळकतींचे उत्पन्नही शिक्षणाकडे वळवण्यात आले. दर्ग्याच्या उत्पन्नातून मुलाची फी जावी, हा विचार त्या काळाच्या मानाने धाडसाचाच म्हणायचा.

याच्या चार वर्षे आधी, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. त्यात मागास कोण, याची यादी नव्हती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे मागास, अशी व्याख्या होती. त्यामुळे मुसलमान आपोआप त्यात आले. महाराजांनी त्यांना वेगळ्या रांगेत उभे केले नाही. गरीब मराठ्याच्या, लिंगायताच्या, महाराच्या बरोबरच त्यांची गणती झाली.

शाहूंच्या काळातल्या आणखी गोष्टी कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. पाटगावच्या मठाच्या उत्पन्नातून मशिदीला आणि रुकडीच्या पीराच्या उत्पन्नातून अंबाबाईच्या पूजेला मदत झाल्याचे शाहूचरित्रात सांगितले जाते. कुराण मराठीत यावे म्हणून दरबाराने आर्थिक मदत देऊ केली होती. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब दरबारचे गवई होते आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. ही परंपरा शहरापुरती नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात आजही गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसतो, आणि मोहरम त्याच वेळी आला की पीर आणि गणपती एका छताखाली येतात.

दरबारातून संविधानात

हा वारसा मोठा आहे. पण त्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. हे सगळे एका राजाच्या मनाचे मोठेपण होते. राजाने मनात आणले म्हणून जागा मिळाली, बोर्डिंग उभे राहिले. दुसऱ्या एखाद्या संस्थानात, दुसऱ्या एखाद्या राजाच्या मनात आले नसते, तर तिथल्या मुलाने कुणाकडे दाद मागायची होती? देणाऱ्याचा हात कितीही मायेचा असला तरी घेणाऱ्याला मान थोडी खाली घालावीच लागते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून कोल्हापूरचा माणूस कुणाची रयत राहिला नाही. तो नागरिक झाला. महाराज मन मोठे करून जे देत होते, ते आता संविधानाच्या २५ ते २८ आणि ३० या कलमांत लिहिलेले आहे. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचेही. कलम २७ सांगते की, कुणा एका धर्माच्या वाढीसाठी लोकांवर कर लादता येणार नाही. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढू देते. दसरा चौकात १९०६ साली जे राजाच्या इच्छेने झाले, त्याला १९५० नंतर कायद्याचा पाया मिळाला.

हे स्वातंत्र्य बेलगाम नाही, हेही त्याच कलमात आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या चौकटीतच ते वापरायचे आहे. धर्म कुठे संपतो आणि व्यवहार कुठे सुरू होतो, याचा एक महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्राच्या कायद्यावरूनच झाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली आला. त्याविरुद्ध रतिलाल गांधी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या निकालाचा सारांश असा, की धर्मसंस्थेच्या पैशाअडक्याच्या हिशेबावर सरकार लक्ष ठेवू शकते, पण पूजा कशी करायची हे ते सांगू शकत नाही. हिशेब सरकारला दाखवायचा, सजदा मात्र अल्लाहला करायचा, इतकी साधी ही विभागणी आहे.

माप सगळ्यांना एकच हवे, हीही हक्काचीच अट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले. हा नियम विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीला लागू आहे, तसाच सहरीला उठवणाऱ्या भोंग्यालाही. आज प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे. शेजारच्या आजारी म्हातारीची झोप मोडून मिळवलेली जाग रोजाचे मोल वाढवत नाही. पण नियम दाखवायचा तर तो दोघांना दाखवावा. एकाला नियम आणि दुसऱ्याला परंपरा असे झाले, की हक्काची पुन्हा मेहेरबानी होते.

दोन तारखा

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरचे नाव देशभर गाजले ते दोन तारखांमुळे. पहिली तारीख ७ जून २०२३. आदल्या दिवशी, शिवराज्याभिषेक दिनी, काही मुलांनी मोबाइलवर औरंगजेबाच्या आणि टिपू सुलतानाच्या चित्रांसह आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. तरीही शहर बंदची हाक दिली गेली, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला, दगडफेक झाली. पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधुराची नळकांडी फोडावी लागली, जिल्ह्यातली इंटरनेट सेवा थांबवली गेली. त्यात दुकाने आणि घरे फुटली ती ज्यांचा त्या स्टेटसशी काहीही संबंध नव्हता अशा लोकांची.

दुसरी तारीख १४ जुलै २०२४. विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्ध आंदोलन होते. अतिक्रमण हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि गडाचे पावित्र्य सगळ्यांनाच प्रिय असले पाहिजे. पण त्या दिवशी जमावाने मोर्चा वळवला तो गडाच्या वाटेवरच्या गजापूरकडे. तिथल्या मुस्लिम वस्तीत घरांची, वाहनांची आणि मशिदीची मोडतोड झाली. गजापूरची मशीद गडावर नव्हती. तिच्या अतिक्रमणाचा वाद कुणी मांडलेला नव्हता. खासदार शाहू छत्रपती दोन दिवसांत तिथे पोहोचले, घरे फुटलेल्या कुटुंबांना भेटले आणि घडल्या प्रकाराचा निषेध केला. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने गडावर ऐन पावसाळ्यात चाललेल्या पाडकामाबद्दल सरकारला खडसावले आणि ते थांबवायला सांगितले.

दोन्ही घटनांत चूक एकाची आणि दंड दुसऱ्याला, असाच हिशेब झाला. स्टेटस ठेवणाऱ्याने चूक केली असेल तर त्याची सजा कायदा देईल. गडावर बेकायदा बांधकाम असेल तर ते महसूल आणि पुरातत्त्व खाते पाहील. पण त्यासाठी शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचे शटर का फुटावे? दुसऱ्या वाडीतल्या मशिदीची मिंबर का मोडावी? प्रत्येक माणूस आपल्या कृत्याचा जबाब स्वतः देईल, हा न्यायाचा पहिला धडा आहे. तो संविधानात आहे आणि कयामतच्या हिशेबावर विश्वास ठेवणाऱ्याला तर तो लहानपणापासून पाठ असतो. धर्मस्वातंत्र्य टिकते ते या धड्यावर. तो सोडला की पूजास्थळ ओलीस राहते, आणि मग ते कुणाचेही असू शकते.

त्या जूनच्या घटनेआधी सहा आठवडे, २८ एप्रिल २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले होते, की द्वेषमूलक भाषण झाले तर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. आदेश निघाला, पण चौकातल्या गर्दीपर्यंत पोहोचायला आदेशाला माणसे लागतात. ठाण्यातला फौजदार, शांतता समितीतला ज्येष्ठ, मोबाइलवर आलेला व्हिडिओ पुढे न ढकलणारा मुलगा, अशी माणसे.

राजकारणाची मर्यादा

या महिन्यात इफ्तारच्या पंगतीत पुढारी येतात, खजूर उचलतात, टोपी घालतात, फोटो निघतात. यात वाईट काही नाही. पाहुणा दारात आला तर त्याचे स्वागतच करायचे. पण इफ्तारच्या फोटोवर समाधान मानून चालणार नाही. फुटलेल्या दुकानाचा पंचनामा झाला का, नुकसानभरपाई मिळाली का, गुन्ह्याचा तपास कुठवर आला, हे त्या पाहुण्याला खजुराबरोबर विचारायला हवे. हाच प्रश्न दिंडीत पायी चालणाऱ्या आणि आरतीला उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यालाही त्याच्या मतदाराने विचारावा. मंदिर फुटले असेल तेव्हाही.

धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणुकीतला भ्रष्ट मार्ग ठरतो. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेला अभिराम सिंग खटला सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने निकाल लागला. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावावरही मत मागता येणार नाही. त्याआधी १९९४ साली बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूळ ढाच्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. सरकारला धर्म नाही, याचा अर्थ ते धर्माच्या विरोधात आहे असा नाही. दसरा चौकात बोर्डिंग काढणारा राजा स्वतः श्रद्धाळू होता. पण कोणाच्या मुलाला जागा द्यायची, हे ठरवताना त्याने देव्हारा पाहिला नाही, पाटी पाहिली.

घरातले स्वातंत्र्य

सरकारकडे हक्क मागताना एक प्रश्न आपल्याही घरात विचारावा लागतो. समाजाला स्वातंत्र्य मिळाले, पण समाजातल्या माणसाला मिळाले का? चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी हा प्रश्न मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे विचारला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर गेल्या. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची सगळी मते पटलीच पाहिजेत असे नाही. कित्येकांना ती आजही पटत नाहीत. पण त्या सात स्त्रियांच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाचा दुजोरा मिळायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडला, म्हणजे एकावन्न वर्षे गेली. हा उशीर कुणा बाहेरच्याने केला नव्हता.

वाळीत टाकण्याची गोष्टही अशीच. मुंबई राज्याने १९४९ साली धर्मबहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मसंस्थेच्या हक्काच्या नावाने रद्द ठरवला. जातपंचायतींच्या जाचाला कंटाळलेल्या महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला. त्याच वर्षी हाजीअली दर्ग्याच्या मजारीपर्यंत स्त्रियांना जाता येईल असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि त्याच वर्षी कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी जायचे की नाही, यावरून वाद पेटला. दर्गा असो की देऊळ, दाराशी अडवली गेलेली बाई एकच असते.

मशिदीत गणपती बसतो, देवळात खाँसाहेब गातात, हे सुंदर आहे. ते जपायलाच हवे. पण ज्याला आपल्या मशिदीत गणपती बसवायचा नाही, ज्याला फक्त आपल्या पद्धतीने नमाज पढून मुकाट घरी जायचे आहे, त्याचा हक्क तितकाच पक्का आहे. तसेच ज्याला दर्ग्यावर माथा टेकायचा नाही, त्या हिंदूचाही. सलोख्याची परीक्षा पास झाल्यावर मिळणारे स्वातंत्र्य हे बक्षीस असते. सलोखा मनापासून यावा. हक्क त्याच्याही आधी असावा.

ईदच्या मैदानावर

ईदला मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर सामुदायिक नमाज होते. शहरातले मान्यवर, छत्रपती घराण्यातले लोक शुभेच्छा द्यायला येतात. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की ज्या मैदानावर हजारोंचा सजदा होतो ते मैदान मुलांना शिकता यावे म्हणून मिळालेले आहे. रस्ता अडवावा लागत नाही, कुणाकडे आर्जव करावे लागत नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी शिक्षणाची सोय केली होती. शिक्षणाने मिळवलेली जागा इबादतीलाही पुरते, हे या मैदानाइतके ठळकपणे दुसरे कुठे दिसत नाही.

रमजान हा जकातीचा आणि फितऱ्याचाही महिना आहे. या महिन्यात कोल्हापुरातल्या घराघरांतून मोठी रक्कम बाहेर पडते. त्यातला हक्कदार वाटा एखाद्या गरजू मुलीच्या बारावीनंतरच्या फीला, एखाद्या मुलाच्या कायद्याच्या पुस्तकांना गेला, तर बोर्डिंगची मूळ कल्पना पुढे चालू राहील. संविधान वाचता येणारा, पोलीस ठाण्यात शांतपणे तक्रार लिहून देणारा, आणि शेजाऱ्याचे देऊळ फुटले तर त्याच्याही बाजूने तितक्याच शांतपणे उभा राहणारा माणूस गावात असला, की हक्क कागदावरून चौकात येतो. महाराजांनी जागा दिली. ती हक्काची ठेवणे आता नागरिकांच्या हातात आहे.